पळसाचा आकडा

आमच्या मॅडम सगळ्यांना 'बे' म्हणायच्या. बीडकडं हा शब्द पुरुषांनी पुरुषांना म्हणायचा. धान्याच्या मोंढ्यात, एसटी स्टँडवर, टपरीवर. बाईच्या तोंडून तो आला की ऐकणारा आधी दचकतो आणि मग हसतो. मॅडम तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरायच्या आणि तिथं हसायची कुणाची हिंमत नसायची. "कावून बे?" म्हणजे का रे, एवढं विचारून त्या चष्म्यावरून बघत उभ्या राहायच्या. उत्तर आलं नाही तर पाच-पाच मिनिटं तशाच उभ्या. एकदा प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं की त्यांनी लावलेल्या नव्या वेळापत्रकामुळं यंदा कॉलेजचा निकाल सुधारला. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "कावून बे? पेपर सोपा नव्हता का यंदा?" प्राचार्य ते पुढं बरीच वर्षं विसरले नाहीत.

मी त्या कॉलेजात शिकवायला आलो आणि त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं लिंग, आणि बसायला दांडीची पुरुषी सायकल. लग्न केलेलं नव्हतं. भावाचं मोंढ्यात भुसारचं दुकान होतं, वर दोन खोल्यांत त्या राहायच्या. हैदराबादला शिकून, तिथंच प्रथिनांवर पीएच.डी. करून त्या परत आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कशाला आल्या, हे कुणाला माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं. "आई होती," म्हणाल्या. आई जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

त्यांचा एकच हट्ट होता आणि तो त्यांनी सगळ्या जगावर लादला होता. कोरं दाखवा. म्हणजे औषध घालून काय झालं ते सांगण्याआधी, औषध न घालता काय झालं असतं ते दाखवा. आमच्या गणिताच्या सरांनी कुण्या महाराजाचा दोरा बांधला आणि त्यांचा ताप पाच दिवसांत उतरला. "अन् न बांधता कितव्या दिवशी उतरला असता?" मॅडमनी विचारलं. सर चिडले. मॅडम खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. बाजारात भाजीवाल्याला त्या आधी रिकामा तराजू उचलायला लावायच्या. भावाच्या दुकानातही एकदा गिऱ्हाइकांच्या देखत तेच केलं. तेव्हापासून भावानं त्यांना दुकानात यायची बंदी केली होती. घरात जायला त्या मागच्या जिन्यानं जायच्या.

संस्थेच्या अध्यक्षांचा किस्सा तर सगळ्या कॉलेजात चघळला गेला. अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्यातलं बडं प्रस्थ, अंगात कायम पांढरीशुभ्र कडक खादी. ते प्रयोगशाळा बघायला आले. मॅडमनी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि अतिनील दिवा लावला. हा दिवा डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण काही पदार्थ त्याचा प्रकाश गिळतात आणि स्वतःचा वेगळा उजेड बाहेर टाकतात. त्यालाच फ्लुरोसन्स म्हणतात. दिवा लागला आणि अध्यक्षांचा सदरा निळा-जांभळा लखलखायला लागला. सोबतच्या मंडळींनी "वा वा" केलं. कुणीतरी म्हणालं, "साहेबांचं तेजच तसं हाय." मॅडम म्हणाल्या, "तेज साहेबांचं न्हाई, साबणाचं हाय. सदरा काढून ठिवला तर सदराच चमकंल." कुणी हसलं नाही. त्या अपमान करत नव्हत्या, शिकवत होत्या, हे तिथं मला एकट्याला कळत होतं. तरी मीही खाली मान घातली.

त्या स्वतः गडद रंगाच्या जाड सुती साड्या नेसायच्या, कपड्यांना नीळ नाही की पांढरं करणारी पावडर नाही. कपड्याचा उजेड मोजमापात शिरू नये म्हणून.

मी त्यांच्याकडं आलो तो नड म्हणून. माझी नेमणूक तात्पुरती होती, तासांवर पगार. त्याच सुमारास सरकारनं प्राध्यापकांना पात्रता परीक्षा सक्तीची केली. ठरावीक तारखेच्या आत पीएच.डी.चा प्रबंध सादर करणाऱ्यांना तीतून सूट होती. आमचं घर उमापूरच्या बाजूचं. वडील दरसाल ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की निघायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मी घरातला पहिला शिकलेला. नोकरी कायम झाली नाही तर माझ्या शिकण्याला काही अर्थ राहणार नव्हता. मॅडम तालुक्यातल्या एकमेव मान्यताप्राप्त गाईड होत्या.

त्यांच्याकडं एक मशीन होतं. फ्लुरोमीटर. कुठल्याशा अनुदानातून आलं होतं आणि वर्षभर खोक्यातच पडून होतं, कारण लावायला येणारा माणूस मुंबईहून यायला तयार नव्हता. शेवटी मॅडमनी पुस्तिका वाचून ते स्वतः लावलं. आमच्याकडं विजेचा दाब असा की बल्ब कधी लाल व्हायचा, कधी फुटायचा. म्हणून त्यांनी लोखंडी पेटीएवढा स्टॅबिलायझर बसवला, खिडक्यांना काळा कागद लावला आणि खोलीतला पंखा काढून टाकला. त्या खोलीत आम्ही घामानं निथळत बसायचो.

काम सांगायला सोपं होतं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. बरीच औषधं रक्तातून जाताना त्यालाच चिकटून जातात. किती घट्ट चिकटतात, हे कळलं तर औषधाचा डोस ठरवायला मदत होते. या प्रथिनावर अतिनील प्रकाश टाकला की ते मंद उजेड देतं. त्यात औषधाचे थेंब टाकत गेलं की उजेड मंदावत जातो. का, तर औषध प्रथिनाला चिकटलं. किती मंदावला त्यावरून किती घट्ट चिकटलं त्याचा आकडा काढायचा. औषध म्हणून मॅडमनी मला पळसाच्या फुलांतलं पिवळं द्रव्य दिलं. बालाघाटाच्या रानात पळस उदंड. पिशव्या भरभरून फुलं मी आणली, सावलीत वाळवली, अर्क काढला.

पहिला महिना त्यांनी मला काहीच मिसळू दिलं नाही. नुसतं प्रथिन मशीनमध्ये ठेवायचं आणि उजेड लिहीत बसायचा. मला वाटलं बाई छळतात. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काही न घालताही उजेड कमी होतोय. सकाळी होता त्याहून दुपारी कमी. मी घाबरून त्यांच्याकडं गेलो. त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या.

"दिव्याखाली ठिवलं की प्रथिन करपतंय. तू हे आधी पाहिलं नसतंस तर ही घट बी पळसाच्या नावावर लिवली असतीस. हाय का न्हाई?"

त्या दिवशी त्यांनी मला घरी नेऊन ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मागच्या जिन्यानं.

पुढं मी कामाला लागलो आणि आकडे सुंदर येत गेले. थेंब वाढला की उजेड कमी, थेंब वाढला की उजेड कमी. आलेख काढला की बिंदू एका रेघेत उभे, शाळेतल्या पोरांसारखे. मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, पळसाचं पाणी पिवळं आहे, ते स्वतःच उजेड गिळणार. दर थेंबाला ते किती गिळतं ते दुसऱ्या मशीनवर मोज आणि तेवढं दुरुस्त करून घे. दुसऱ्या मशीनचा दिवा गेला होता. नवा मागवला होता, येत नव्हता. "तोवर पुढं चालू ठेवतो मॅडम, दुरुस्ती नंतर करतो," मी म्हणालो. त्या "हं" म्हणाल्या. दिवा आठ महिन्यांनी आला. तोवर माझे सगळे तक्ते भरले होते आणि आकडा इतका मोठा, इतका छान आला होता की त्याला हात लावायची इच्छा मेली होती. विचारलं की मी म्हणायचो, "करतोय, मॅडम." त्या काळात त्यांच्यावर परीक्षेचं काम होतं, भावाचं आजारपण होतं. त्यांनी वही मागून बघितली नाही.

तीन वर्षांनी मी टाइप केलेला प्रबंध त्यांच्या टेबलावर ठेवला. सहीसाठी. तारखेला तीन महिने उरले होते.

दोन दिवसांनी भर दुपारी त्यांनी मला काळ्या खोलीत बोलावलं. टेबलावर काचेच्या दोन चौकोनी कुप्या होत्या, बोटभर उंचीच्या, चारी बाजूंनी नितळ. एकीत पाण्यासारखं, दुसरीत फिकट पिवळं.

"हिच्यात काय हाय?"

"प्रथिन."

"हिच्यात?"

"पळस."

"मी मिसळले का?"

"नाही."

"बरं."

त्यांनी प्रथिनाची कुपी मशीनमध्ये ठेवली आणि उजेडाचा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. मग पळसाची कुपी उचलून, पहिलीला धक्का न लावता, उजेड जिथून मशीनच्या मोजणाऱ्या डोळ्याकडं जातो तिथं मधे उभी केली. झाकण लावलं. "वाच."

आकडा पडला होता. माझ्या तक्त्यात पडला होता अगदी तेवढा नाही, पण बराचसा.

"हे दोघं अजून भेटलेच न्हाईत बे," मॅडम म्हणाल्या. "अन् तू यांची सोयरीक पक्की करून बसलास."

मला कळलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणाच्या फार आधी कळलं होतं. तरी मी म्हणालो, "पण मॅडम, रेघ सरळ येते."

"सरळ यायला काय लागतंय? दोन्हीकडून लॉग घेतला की वाकडी गोष्ट बी सरळ दिसती. रेघ सरळ हाय म्हणून तू खरा न्हाई."

"सगळीकडं असंच छापतात मॅडम. कुणी एवढं बघत नाही."

त्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना प्रयोगशाळेत बसलेलं क्वचित पाहिलं होतं.

"दोष माझा बी हाय," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी वही बघितली न्हाई. तुझ्यावर इसंबले." मग, "दिवाळीची सुट्टी जाऊ दे. सुट्टी झाली की ये. काहीतरी करू."

"आणि तारीख?"

"म्हनले ना. ये."

मी बाहेर आलो. 'काहीतरी करू' हे शब्द मी नोकरीच्या अर्जांवर इतक्यांदा ऐकले होते की त्यांचा अर्थ मला पाठ होता. तारीख टळली की संपलं. पुन्हा तासांवर पगार, तोही पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल. रागानं माझे कान तापले होते. राग त्यांच्या खरं असण्याचा होता.

प्राचार्यांनी मला स्वतः बोलावून घेतलं. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. चहा मागवला. दिवस मोठे गमतीचे होते. गावात पहिला एसटीडी बूथ झाला होता, घरांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, आणि प्राचार्य प्रत्येक वाक्यात 'स्पर्धेचं युग' म्हणायचे. "हे स्पर्धेचं युग आहे. कॉलेजला पीएच.डी. झालेली माणसं दाखवायची आहेत. एक बाई सगळ्यांची वाट अडवून बसणार का? तुम्ही लिहून द्या, गाईड बदलून घेऊ."

मी लिहून दिलं. सुट्टीत गावाकडं, अंगणात बाजेवर बसून. वडील ऊसतोडीला निघायच्या तयारीत होते, आई बोचकी बांधत होती. मी लिहिलं की मार्गदर्शक संशोधक विद्यार्थ्यांना मानसिक त्रास देतात, पूर्वग्रहानं सही अडवतात, त्यांचं वर्तन व भाषा सभ्यतेला धरून नाही. भाषेच्या मुद्द्यावर उदाहरण म्हणून 'बे' हा शब्द अवतरणात लिहिला. मजकूर प्राचार्यांनी सुचवला होता. ते उदाहरण माझं.

सुट्टी संपल्यावर मी कॉलेजात गेलो ते तो अर्ज घेऊनच. मॅडमच्या खोलीकडं वळलोच नाही.

विद्यापीठानं मॅडमकडून खुलासा मागवला. त्यांचं उत्तर पुढं मी फायलीत वाचलं. 'सही केली नाही हे खरे आहे. आकडे चुकीचे आहेत. कुणीही येऊन बघावे.' कुणी आलं नाही. विद्यापीठाच्या गावी एका सरांनी मला विद्यार्थी करून घेतलं. त्यांनी आलेख पाच मिनिटं चाळले, "छान आहे, मशीनचं नाव जरा ठळक लिहा," म्हणाले आणि सही केली. त्यांच्या विभागात नवा कॉम्प्युटर आला होता. त्यानं माझी रेघ आणखी सरळ काढून दिली.

तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. ऐन गळिताच्या हंगामात होती. वडील कारखान्याच्या तळावरून मुकादमाकडून दोन दिवसांची सुट्टी काढून आले होते. नवं धोतर, नवी टोपी, हातांवर उसाच्या पानांचे चरे. पहिल्या रांगेत त्यांना बसवलं होतं. मी बोलायला उभा राहिलो आणि दार उघडून मॅडम आल्या. एवढ्या लांब, एसटीनं, एकट्या. रिकामी खुर्ची एकच होती, वडिलांच्या शेजारी.

वडिलांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी पडद्यावर आलेख दाखवत होतो आणि माझं अर्धं लक्ष त्या दोन खुर्च्यांकडं होतं. वडील त्यांच्याकडं वाकून काहीतरी सांगत होते. नंतर वडिलांनीच मला सांगितलं, काय ते. "म्या म्हनलं, माझा ल्योक हाय. त्यानं रगताचं कायतरी शोधलंय. पळसाच्या फुलातून अवशीद. तर त्या बाईनं इचारलं, तुमी काय करता? म्या सांगितलं. मग त्या माझ्या हाताकडंच बघत बसल्या. लई चांगली बाई हाय."

माझं बोलणं संपलं. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

मॅडम उठल्या. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता, पळसानं स्वतः किती उजेड गिळला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, गाईडकडं नव्हतं, परीक्षकांकडंही नव्हतं. वडिलांना वाटलं, या बाई आता आपल्या मुलाबद्दल चार चांगले शब्द बोलणार. त्यांनी तिथूनच, बसल्या बसल्या, त्यांना हात जोडले.

मॅडम बराच वेळ उभ्या होत्या. परीक्षकांनी घड्याळाकडं बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "काही न्हाई." आणि बसल्या.

टाळ्या झाल्या. पेढे वाटले. वडिलांनी आग्रहानं त्यांना दोन पेढे दिले, त्यांनी घेतले. व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. पेढे हातातच होते, खाल्ले नव्हते.

"तू खोटं लिवलंस ते तुझं तू बघ," त्या हळू म्हणाल्या. "त्याचं मला लई काही वाटत न्हाई, जग लिवतंय. पण आज मी गप बसले. माहीत असून गप बसले. हे मी जिंदगीत केलं नव्हतं बे. हे तू माझ्याकडून करवून घेतलंस."

मी काहीतरी पुटपुटलो, तुमचे उपकार वगैरे.

"उपकार तुझ्या बापावर केले. तुझ्यावर न्हाई."

त्या जिना उतरून गेल्या. महिनाभरात त्यांनी गाईडची मान्यता विद्यापीठाला परत पाठवली आणि काळ्या खोलीची किल्ली प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्यानं एकदा चुकीचं चालवून घेतलं, त्यानं दुसऱ्याची वही तपासू नये." पुढची सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्या पहिल्या वर्षाच्या पोरांना फक्त क्षार ओळखायला शिकवत होत्या. व्हरांड्यात समोरासमोर आलो तर "नमस्कार, सर" म्हणायच्या. 'अरे' गेलं, 'बे' गेलं, 'तू' गेलं. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होतो. चारचौघांत तो 'सर' ऐकून लोकांना वाटायचं, बाई किती अदबीनं वागतात. मला तो कानफटात मारल्यासारखा लागायचा.

माझं मात्र सगळं मार्गी लागलं. कायम झालो, रीडर झालो, प्राचार्य झालो. गाईडही झालो. पळसाचा आकडा एका नियतकालिकात छापून आला, मग दुसऱ्यांच्या तक्त्यांत गेला, तिथून तिसऱ्यांच्या. कुणी म्हणे त्यावरून डोस ठरवायचं गणित मांडलं. पोरं परीक्षेत तो आकडा लिहायची आणि मी त्याला गुण द्यायचो.

कॉलेजचा रौप्यमहोत्सव आला तेव्हा जुन्या शिक्षकांचा सत्कार ठरला. मॅडमकडं निमंत्रण घेऊन मी स्वतः गेलो. भाऊ वारल्यावर त्या धर्मापुरीला पुतण्याकडं राहायला गेल्या होत्या. देवळाच्या अलीकडं पुतण्याचं किराणा दुकान, मागं त्यांची एक खोली. थकल्या होत्या, एका डोळ्याला मोतीबिंदू.

"या सर," म्हणाल्या. "बसा."

मी निमंत्रण दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं. "सत्कार नको. बाकी बोला."

बाकी काय बोलायचं होतं ते मी वर्षानुवर्षं मनात घोळवत होतो. त्यातलं काहीच आठवेना. मी विचारलं, "मॅडम, दुरुस्ती केली असती तर पळसाचा खरा आकडा किती आला असता?"

"आला होता की."

"कधी?"

"त्या दिवाळीच्या सुट्टीत मी केलता. उजेडाची भानगडच ठिवली न्हाई. सेलोफेनच्या पिशवीत प्रथिन भरलं अन् पिवळ्या पाण्यात टांगून ठिवलं. पिशवीतून पळस आत-बाहेर जातो, प्रथिन जात न्हाई. दुसऱ्या दिवशी आत किती पिवळं, बाहेर किती पिवळं, ते बघायचं. नुसत्या पाण्याची पिशवी बी टांगली बाजूला. आत जास्ती निघालं. चिकटत होतं, सर. तुमच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं बी न्हाई, पण खरंच चिकटत होतं. दोन आठवड्यांत सगळे तक्ते झाले. तुमचं तेवढं एक प्रकरण बदललं असतं तर तारखेच्या आत प्रबंध गेला असता."

खोलीत दुकानातल्या तेलाचा आणि गुळाचा वास येत होता. मी म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी सुट्टीवरून आलात ते अर्ज घेऊन. मग काय सांगायचं?"

"ती वही कुठंय?"

"काळ्या खोलीतल्या कपाटात होती. मशीन अन् कपाट भंगारात काढलं ना मागं. ठरावावर सही तुमचीच हाय म्हणं."

माझीच होती. वाचून केली नव्हती.

त्यांनी पुतण्याच्या बायकोला चहा सांगितला. मग त्या म्हणाल्या, "एक करा, सर. त्या नियतकालिकाला कळवा. आकडा चुकीचा हाय, घेऊ नका म्हणून. कुणी त्याच्यावर औषधाचं गणित करत असंल. तुमचं आता काय बिघडनार हाय? नोकरी झाली. वडील बी राहिले न्हाईत आता."

"कळवतो," मी म्हणालो.

"कधी?"

"या महिन्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या चांगल्या डोळ्यानं. मी चहा पिऊन, नमस्कार करून निघालो.

मॅडम गेल्या त्याला आता चार-पाच वर्षं झाली. त्या नियतकालिकाचा पत्ता माझ्याकडं आहे. लिहायचा मजकूर तीन ओळींचा आहे: 'माझ्या लेखातील पळसाच्या द्रव्याचा आकडा काढताना द्रव्याने स्वतः गिळलेला प्रकाश वजा केलेला नव्हता. तो आकडा चुकीचा आहे. कृपया वापरू नये.' खाली सही. मी निवृत्त आहे, पेन्शन चालू आहे, कुणी विचारणार नाही. मुलगा म्हणतो, हल्ली ते कॉम्प्युटरवरून दोन मिनिटांत पाठवता येतं.

मागच्या महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. 'मला घडवणाऱ्या व्यक्तीबद्दल लिहा,' म्हणाले. मॅडमवरचं हे एवढं सगळं मी दोन बैठकांत लिहून काढलं. त्या तीन ओळी अजून लिहायच्या आहेत.